हात लावून बघणारा माणूस



गेल्या वर्षी आमच्या मुलीच्या शाळेतून एक कागद आला. रिसेप्शनच्या वर्गातल्या मुलांचे डोळे तपासले, तुमच्या मुलीला डाव्या डोळ्याने कमी दिसतंय असं वाटतं, हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं पत्र येईल. आम्ही दोघंही चाट पडलो. जमिनीवरची मुंगी हिला आमच्या आधी दिसते, आणि हिला कमी दिसतं? संध्याकाळी मी तिचा उजवा डोळा हाताने झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे विचारले. तिने माझा हात ढकलला. पुन्हा झाकला, पुन्हा ढकलला, आणि मग ती रडायलाच लागली.

हॉस्पिटलमधल्या ऑर्थोप्टिस्ट बाईंनी शांतपणे समजावलं. डोळ्यात काहीही बिघाड नाही. भिंग स्वच्छ, पडदा ठणठणीत. दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक होता, त्यामुळे डावीकडून कायम धूसर चित्र येत राहिलं आणि मेंदूने ते वापरणं सोडून दिलं. उपाय म्हणजे आधी काही महिने नुसता चष्मा आणि मग रोज ठरलेले तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. याला इथे लेझी आय म्हणतात, मराठीत आळशी डोळा. नाव साफ चुकीचं आहे, कारण डोळा बिचारा आपलं काम इमानेइतबारे करत असतो.

गाडीत बसल्यावर मुलीने विचारलं, "पण बाबा, हा तर चांगला आहे ना? मग ह्यालाच का बंद करायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात डोळा म्हणजे कॅमेरा असं शिकलो होतो. पुढं भिंग, मागं पडदा, पडद्यावर उलटी प्रतिमा, आकृती काढा आणि नावे द्या. कॅमेरा ठीक असेल तर फोटो यायलाच पाहिजे. मग मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता सव्वातीनशे वर्षं मागे गेलो. ही गोष्ट बरीचशी आपण राहतो त्याच देशात घडलेली आहे, आणि तिच्या मधोमध मिडलंड्समधला एक चांभारकाम करणारा माणूस आहे. त्याच्याबद्दल सांगावंसं वाटलं म्हणून हा खटाटोप.

सुरुवात मात्र डब्लिनला होते. विल्यम मॉलिन्यू म्हणून एक गृहस्थ होते, विज्ञानाची आवड असलेले, प्रकाशशास्त्रावर पुस्तक लिहिणारे. लग्नानंतर थोड्याच काळात त्यांच्या बायकोची दृष्टी गेली. १६८८ साली त्यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न पाठवला. समजा एक माणूस जन्मापासून आंधळा आहे. चेंडू कोणता आणि ठोकळा कोणता हे तो हाताने चाचपून बिनचूक सांगतो. आता त्याला एकदम दृष्टी आली आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता, नुसतं बघून त्याला कोणती कुठली ते सांगता येईल का?

मॉलिन्यूंचं स्वतःचं उत्तर "नाही" असं होतं. लॉकनाही ते पटलं आणि त्यांनी १६९४ च्या आवृत्तीत हा प्रश्न आपल्या ग्रंथात घातला. पण उत्तर मनाशीच ठरवलेलं. तपासायचं कुणावर? जन्मापासून आंधळा आणि मोठेपणी दिसायला लागलेला माणूस काही रोज भेटत नाही.

अशा एका मुलाची हकीकत १७२८ साली प्रसिद्ध झाली. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचे सर्जन विल्यम चेसल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. कधी काही बघितल्याची त्याला आठवणच नव्हती. उजेड-अंधार आणि लख्ख उजेडात काही ढोबळ रंग, एवढंच त्याला कळायचं. ऑपरेशन म्हणजे सुईने गढूळ भिंग ढकलून वाटेतून बाजूला करायचं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ही रीत सांगितलेली आहे. आणि डोळ्यांच्या उपचाराचा विषय निघालाच आहे तर आपल्या तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांचं नाव घ्यायलाच हवं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांची नोंद ठेवली जायची, सोबत त्या डोळ्याचं हाताने रंगवलेलं चित्र. सरस्वती महाल ग्रंथालयात ते कागद जपून ठेवलेले आहेत. तमिळ मुलुखातला मराठी राजा केसपेपर ठेवतोय, हे वाचून मला फार बरं वाटलं. असो.

चेसल्डनचं वेगळेपण असं की ऑपरेशन पार पडल्यावर तो थांबला नाही. मुलगा काय बघतो, कसा चुकतो, हे त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहून ठेवलं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मुलाला अंतर म्हणून काही कळेचना. सगळ्या वस्तू डोळ्यांना येऊन चिकटल्यात असं त्याला वाटायचं, जसा हाताला स्पर्श चिकटतो तसा. घरातलं मांजर कोणतं आणि कुत्रं कोणतं हे तो पुन्हा पुन्हा विसरायचा, आणि विचारायची लाज वाटायची. एकदा त्याने मांजराला पकडलं (हाताने तो लगेच ओळखायचा), नीट चाचपलं, चाचपताना टक लावून बघितलं, आणि खाली सोडताना पुढच्या वेळी तुला ओळखेन असं मांजरालाच बजावलं. भिंतीवरच्या चित्रांत माणसं आणि वस्तू आहेत हे कळायला त्याला जवळजवळ दोन महिने लागले. आणि कळल्यावर तो दुसऱ्याच गोंधळात पडला. हात लावला तर सपाट लागतं! मग खोटं कोण बोलतंय, डोळा की हात?

इथे मला माझी आजी आठवली. मी तिसरीत असताना सांगलीला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर तिचं पहिलं वाक्य आईला, "अगं, किती वाळलीस तू!" चेहरा ओळखायला तिला क्षणही लागला नाही. दुखणं तेच, मोतीबिंदू. पण आजीने साठ वर्षं जग बघितलं होतं, मधे काही वर्षं काच धुरकटली होती, इतकंच. चेसल्डनच्या मुलाला काच साफ करून मिळाली, पण पलीकडे काय आहे ते त्याला माहीतच नव्हतं.

आजीच्या डोळ्यात बसवलं तसलं कृत्रिम भिंग जगात पहिल्यांदा बसवलं गेलं तेही चेसल्डनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलात, २९ नोव्हेंबर १९४९ रोजी. सर्जन होते हॅरॉल्ड रिडली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या कॉकपिटचं छत फुटून अॅक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात जायचे आणि तिथेच राहायचे, पण डोळा त्यांना विरोध करत नाही असं त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून त्या प्लास्टिकचंच भिंग करायची कल्पना त्यांना सुचली. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वर्षानुवर्षं वेड्यात काढलं. सर ही पदवी मिळाली २००० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. पण रिडलींची गोष्ट कॅमेरा दुरुस्त करण्याची आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

उत्तराच्या जवळ नेणारा माणूस म्हणजे सिडनी ब्रॅडफर्ड. शास्त्रीय लिखाणात त्याला बरीच वर्षं नुसतं एस. बी. म्हटलं जायचं.

जन्म १९०६ चा. दहा महिन्यांचा असताना दोन्ही डोळ्यांची बुबुळं संसर्गाने पांढरी झाली. उजेड आहे की नाही एवढं कळायचं, आकार दिसणं बंद. बर्मिंगहॅमच्या अंधशाळेत तो बूटदुरुस्ती शिकला आणि पुढे घरीच शेडमध्ये ते काम करू लागला. माणूस हिकमती. हत्यारं हाताळायची आवड, बागकाम करायचा, मित्राच्या खांद्यावर हात ठेवून सायकल चालवायचा. मेहुण्याची गाडी धुताना तिचा आकार हाताने चाचपून मनात उभा करायचा. रस्ता ओलांडताना काठी पुढे करून सरळ चालायला लागायचा. आजूबाजूच्या लोकांना त्याचं कौतुक वाटायचं.

१९५२ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि मरणोत्तर नेत्रदानातून बुबुळांचं रोपण करणं सोपं झालं. सिडनीचा पडदा शाबूत असावा असं डॉक्टरांना वाटलं. वूल्व्हरहॅम्प्टनच्या नेत्ररुग्णालयात डिसेंबर १९५८ मध्ये एका डोळ्याचं आणि १ जानेवारी १९५९ ला दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सिडनी तेव्हा ५२ वर्षांचा होता. पट्टी काढली तेव्हा सर्जनचा आवाज आला म्हणून तो वळला, आणि त्याला एक धूसर काहीतरी दिसलं. आवाज तिकडून येतोय म्हणजे हा चेहरा असणार, असा त्याने तर्क केला. जन्मात पहिल्यांदा माणसाचा चेहरा दिसला तो असा, अनुमानाने.

केंब्रिजला रिचर्ड ग्रेगरी म्हणून पस्तिशीतले मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या कानावर ही बातमी आली. ते आणि त्यांच्या सहकारी जीन वॉलेस गाडीत उपकरणं भरून वूल्व्हरहॅम्प्टनला गेले. ऑपरेशनला तोवर काही आठवडे झाले होते. दाराला हात न लावता आत येणारा, समोरच्याशी गप्पा मारणारा माणूस बघून त्यांना वाटलं, याला तर चांगलंच दिसतंय. पण मग लक्षात आलं की हा खोलीत इकडेतिकडे बघतच नाही. समोर नजर लावून बसतो. एखाद्या गोष्टीकडे बघा म्हटलं तरच बघतो.

भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते मात्र सिडनीने बरोबर सांगितलं. ग्रेगरी चकित. सिडनीने खिशातून काच नसलेलं घड्याळ काढलं आणि काटे चाचपून वेळ कशी कळते ते दाखवलं. आंधळेपणी तो तसंच करायचा. मग अक्षरं. मोठी इंग्रजी अक्षरं त्याने बघून ओळखली, लहान अक्षरं एकही येईना. कारण शोधलं तर काय निघावं! अंधशाळेत मुलांना लाकडावर कोरलेली अक्षरं हाताने शिकवत, आणि ती फक्त मोठी अक्षरं होती. हाताला जे माहीत होतं ते डोळ्याला दिसलं, हाताला जे माहीत नव्हतं ते डोळ्यासमोर असून दिसलं नाही.

त्याच्याकडून लंडनच्या बसचं चित्र काढून घेतलं. पहिल्या चित्रात चाकांना आरे होते, कारण त्याने पूर्वी हाताने ओळखलेली चाकं आऱ्यांची होती. पुढे महिने गेले, चित्रं सुधारली, अक्षरंसुद्धा आली, पण बसचं तोंड त्याला नीट काढता आलं नाही. ड्रायव्हरच्या पुढचा तो भाग हाताने चाचपायची वेळ आंधळ्या माणसावर कशाला येईल? बसमध्ये आपण मागून किंवा बाजूने चढतो.

हॉस्पिटलच्या खिडकीतून खाली बघताना, कठड्याला लोंबकळलो तर पाय जमिनीला टेकतील असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात खिडकी तीस-चाळीस फुटांवर होती. जवळच्या, हात पोचेल अशा वस्तूंचं अंतर त्याला बऱ्यापैकी कळायचं. हात जिथे संपतो तिथे त्याचा अंदाजही संपायचा. पाव चंद्र म्हणजे केकच्या पाव तुकड्यासारखा असणार अशी त्याची समजूत होती, आणि खऱ्या चंद्राची कोर बघितल्यावर त्याला हे काय म्हणून विचारावं लागलं.

ग्रेगरींनी त्याला दृष्टिभ्रमाची चित्रंही दाखवली. ती तारेच्या ठोकळ्याची आकृती आठवते का, बघता बघता पुढची बाजू मागे जाते आणि मागची पुढे येते? सिडनीला ती सपाट दिसली, ना खोली ना उलटापालट. ज्या भ्रमांना आपण हमखास फसतो त्यातल्या काहींना तो फसलाच नाही. मला हा भाग वाचून हसू आलं आणि मग थोडं गंभीरही वाटलं. फसण्यासाठीसुद्धा आधी बघायला शिकावं लागतं. ग्रेगरी पुढे आयुष्यभर हेच मांडत राहिले की पडद्यावरची प्रतिमा हा नुसता पुरावा असतो, आणि समोर काय असावं याचा मेंदू दरक्षणी अंदाज बांधतो. अंदाज बांधायला पूर्वीचा अनुभव लागतो. सिडनीकडे ५२ वर्षांचा अनुभव होता, पण तो सगळा बोटांत होता.

आता त्या लेथकडे येतो. मला वैयक्तिक सगळ्यात आवडलेला प्रसंग.

ग्रेगरी आणि वॉलेस सिडनीला लंडन दाखवायला घेऊन आले. तो बराच वेळ मरगळलेला होता, गर्दीला आणि रहदारीला बिचकत होता. त्याला यंत्रांची आवड आहे म्हणून सायन्स म्युझियममध्ये नेलं. तिथे हेन्री मॉड्सलीची स्क्रू कापायची लेथ काचेच्या पेटीत आहे, साधारण १८०० ची. आपल्यापैकी ज्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये जॉब बिघडवून सरांच्या शिव्या खाल्ल्या आहेत त्यांना सांगायला नको, लीड स्क्रू आणि स्लाइड रेस्ट ही मंडळी त्या लेथवर एकत्र नांदायला लागली. सिडनीने लेथबद्दल वाचलं-ऐकलं होतं, एकदा तरी वापरायला मिळावी अशी त्याची इच्छा होती. काचेतून बघून मात्र त्याला काहीच सांगता येईना. जवळचा भाग हँडल असावा, इतकंच. तो अस्वस्थ झाला.

मग म्युझियमच्या माणसाने पेटी उघडली. सिडनीने डोळे घट्ट मिटले आणि लेथवरून भराभर हात फिरवले, एकेक भाग ओळखत. मग एक पाऊल मागे सरकून डोळे उघडले, आणि आता हात लावून झालाय तेव्हा मला दिसतंय, अशा अर्थाचं काहीतरी बोलला.

मराठीत आपण सहज म्हणतो, हात लावून बघ, चाखून बघ, वास घेऊन बघ, ऐकून बघ. इंग्रजीत असं सगळीकडे "बघणं" येत नाही. आपली भाषा याबाबतीत मॉड्सलीच्या लेथपाशी उभी आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

पुढचं वाचायला जड जातं. रहदारी दिसायला लागल्यावर सिडनी रस्ता ओलांडायला घाबरू लागला. पूर्वी काठी घेऊन एकटा जाणारा माणूस आता दोन्ही बाजूंनी हात धरून नेला तरी थरथरायचा. भडक रंग त्याला आवडायचे, पण भिंतीचे पोपडे, डागाळलेल्या वस्तू बघून तो खिन्न व्हायचा. जग आपण कल्पिलं होतं त्यापेक्षा कळकट निघालं असं त्याला वाटायचं. चेहऱ्यावरचे भाव त्याला वाचता येत नसत, माणूस ओळखायचा तो आवाजावरून. एक आवड राहिली ती आरशाची. नेहमीच्या पबमध्ये मोठ्या आरशासमोर बसून त्यातली हालचाल बघत राहायचा. संध्याकाळी घरी दिवा न लावता अंधारात बसायचा, दाढीसुद्धा अंधारात करायचा. आंधळा असताना लोक त्याच्या हिमतीचं कौतुक करायचे. दिसायला लागल्यावर वाचता येत नाही म्हणून थट्टा व्हायला लागली. तोच माणूस, तेच हात. पण एक कर्तबगार आंधळा जाऊन त्याच्या जागी एक कच्चा डोळस आला होता. २ ऑगस्ट १९६० ला सिडनी वारला, पहिल्या ऑपरेशननंतर दोन वर्षांच्या आत. ग्रेगरी आणि वॉलेस यांनी १९६३ मध्ये त्याची सगळी हकीकत प्रसिद्ध केली. दृष्टी आल्यावर खिन्न झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी आधीही होत्या, पण इतकी बारकाईने लिहिलेली आणि इतकी माणसाची वाटणारी नोंद मला दुसरी सापडली नाही.

ग्रेगरींचं म्हणणं असं की मॉलिन्यूच्या प्रश्नाला सिडनीने "हो" असं उत्तर दिलं, कारण हाताची अक्षरं डोळ्याने ओळखली. मला हे पूर्ण पटत नाही. एक तर त्याने पहिले दहा महिने बघितलं होतं. दुसरं म्हणजे चाचणी झाली ती पट्टी सुटून काही आठवडे झाल्यावर. आपण रिलीजनंतर महिनाभराने टेस्टिंग केलं आणि पहिल्याच दिवसापासून चालत होतं असा रिपोर्ट दिला तर क्लायंट ऐकून घेईल का?

पहिल्या दिवसाची टेस्ट झाली ती आपल्याकडे, दिल्लीत. एमआयटीतले पवन सिन्हा यांनी डॉ. श्रॉफ नेत्ररुग्णालयाच्या मदतीने प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला. जन्मतः मोतीबिंदू असलेली, पैशांअभावी ऑपरेशनच न झालेली मुलं खेड्यापाड्यांतून शोधायची, फुकट ऑपरेशन करायचं, आणि त्यांना दिसायला कसं लागतं ते सोबत राहून बघायचं. त्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आत मुलांना लेगोसारखे ठोकळे दिले. हाताने चाचपलेला ठोकळा पुन्हा हाताने ओळखणं, ९८ टक्के बरोबर. बघितलेला बघून ओळखणं, ९२ टक्के. आणि चाचपलेला ठोकळा नुसता बघून ओळखणं? ५८ टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरं. मॉलिन्यूसाहेब ३२३ वर्षांनी पास झाले. पण पुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. कुणीही खास शिकवणी न देता, काही दिवसांतच मुलांचं हे काम झपाट्याने सुधारलं.

म्हणजे शिकता येतं. प्रश्न राहतो कधीपर्यंत, आणि आमच्या घरी हाच प्रश्न होता. पाचव्या वर्षी उशीर तर झाला नाही ना?

याचं उत्तर मांजरांच्या पिल्लांनी दिलं आहे. अमेरिकेत ह्यूबेल आणि वीझेल यांनी पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून ठेवला. उघडल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी दुसऱ्या डोळ्याच्या ताब्यात गेल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस बंद ठेवला तर तसं काही होत नाही. दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. केंब्रिजला ब्लेकमोर आणि कूपर यांनी १९७० मध्ये पिल्लांना फक्त उभे पट्टे दिसतील अशा नळकांड्यात वाढवलं, तर पुढे आडव्या रेषांना त्यांचा मेंदू दादच देईना. प्रयोग वाचताना पोटात कालवतं, तरीही आमच्या ऑर्थोप्टिस्ट बाईंची सगळी विद्या शेवटी त्या पिल्लांवर उभी आहे.

तर मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. मेंदूतल्या जागेसाठी दोन डोळ्यांत मारामारी चालते आणि चांगला डोळा सगळी जागा बळकावतो. म्हणून त्याला काही तास वर्गाबाहेर उभं करायचं, म्हणजे दुसऱ्याला बोलायला मिळतं. हा उपाय फ्रान्सच्या ब्यूफॉनने १७४३ मध्येच सुचवला होता. लंडनमधल्या एका अभ्यासात, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, पट्टीतच इलेक्ट्रॉनिक्स बसवून मुलं ती खरोखर किती तास लावतात ते मोजलं. (डेटा लॉगर! हे मात्र मला लगेच समजलं.) मुलं सांगितलेल्या वेळेच्या निम्म्याच्या आसपासच पट्टी लावत होती, आणि तक्त्यावरची एक ओळ वाढायला साधारण १२० तास लागत होते. दहावीच्या पुस्तकातला कॅमेरा मी तेव्हा सोडून दिला. ड्रायव्हर इन्स्टॉल नाही, असंही आधी म्हणून बघितलं, पण तेही बसत नाही. इथे ड्रायव्हर तयार मिळतच नाही, बघता बघताच लिहिला जातो.

एक कामाचं सांगतो. इथे जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यात पहिल्या ७२ तासांत उजेड टाकून मोतीबिंदू आहे का बघतात, पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी बघतात. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी शाळेत तपासणी असते, पण ती सगळ्या भागांत सारखी होत नाही. आणि ज्यांची मुलं मोठी झाल्यावर इथे आली त्यांची ती हुकते. ऑप्टिशियनकडे १६ वर्षांखालच्या मुलांचे डोळे एनएचएसवर फुकट तपासून मिळतात. मूल नीट वाचतं, नीट खेळतं, यावर जाऊ नका. आमचंही सगळं एकाच डोळ्याने करत होतं.

पट्टी सध्या रोज दोन तास, संध्याकाळी. पहिल्या आठवड्यात रोज रडारड, मग बायकोने पट्ट्यांवर चित्रं काढून द्यायला सुरुवात केली. गेल्या तपासणीला दोन ओळी वाढल्या होत्या. सुट्टीत तिला सायन्स म्युझियममध्ये नेऊन ती लेथ दाखवली. तिला ती अजिबात आवडली नाही. काचेला नाक लावून एकदा बघितलं आणि म्हणाली, हात लावू देत नाहीत, मग इथे कशाला आलो.